प्रेक्षकाचे मत मोजते कोण?

शाळेच्या शिक्षक-कक्षात मधल्या सुट्टीत, किंवा कचेरीत जेवणाचे डबे उघडले जात असताना, आदल्या रात्री पडद्यावर पाहिलेल्या गोष्टींचा समाचार हमखास घेतला जातो. मालिका उगाच लांबवली आहे, वृत्तनिवेदक फार ओरडतो, चर्चेला बोलावलेल्यांना एक वाक्य धड पुरे करू देत नाहीत, अशी ही शेरेबाजी. तिच्यात अभ्यास नसतो हे खरे. परंतु रोज दोन-तीन तास ज्या पडद्यासमोर बसायचे, त्याविषयी बसणाऱ्याला काय वाटते याचा याहून प्रामाणिक पुरावा दुसरा नाही. नवल असे की, हा पुरावा जिथे पोचावयास हवा तिथे पोचण्याची वाट, वाहिन्या एकाच्या शेकडो झाल्यावर, रुंद होण्याऐवजी अरुंद झाली आहे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले तेव्हा प्रेक्षकाला निवड अशी नव्हतीच. ज्याच्या घरी संच, त्याच्या दिवाणखान्यात आळीतील मुले सतरंजीवर बसत आणि ‘गजरा’पासून ‘आमची माती, आमची माणसं’पर्यंत जे लागेल ते पाहत. बातम्या सरकारी वळणाच्या असत. आणीबाणीत तर त्या निव्वळ सरकारच्याच झाल्या. पुढे जनता राजवटीत बी. जी. व्हर्गीस यांच्या समितीने स्वायत्ततेची शिफारस केली. कायदा १९९० साली झाला आणि अमलात यावयास १९९७ उजाडले. या दिरंगाईविषयी निराळे काही लिहिण्याची गरज नाही.

तथापि त्या एकाधिकाराच्या काळातही प्रेक्षकाच्या हाती एक साधन होते, ते म्हणजे पोस्टकार्ड. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका या दृष्टीने पुन्हा आठवण्याजोगी आहे. मेक्सिकोतील बोधप्रद मालिकांवरून कल्पना घेऊन, कुटुंबनियोजन आणि स्त्रियांचा दर्जा हे विषय लोकांच्या गळी उतरवावेत, या सरकारी हेतूने ती निघाली. मनोहर श्याम जोशी यांच्या लेखणीने तिला हाडामांसाची माणसे दिली. भागाच्या शेवटी अशोककुमार येत आणि घडल्या प्रसंगावर घरच्या वडीलधाऱ्यासारखे दोन शब्द सांगत. मालिकेच्या दीडेक वर्षांत सुमारे चार लाख पत्रे आली. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी प्रेक्षकांची मते तपासली, तेव्हा एक गमतीची, खरे तर अंतर्मुख करणारी गोष्ट आढळली. सारा जाच निमूटपणे सोसणारी भागवंती ही आई ‘स्त्रीने असे असू नये’ म्हणून रंगविलेली होती. पुष्कळ प्रेक्षकांना मात्र तीच आदर्श वाटली! योजणाऱ्यांना हे मत रुचले नसेल, पण ते कळले तरी. एखादा कार्यक्रम पाहणे निराळे आणि त्यातून काय घेणे निराळे, हा भेद त्या पत्रव्यवहारात शाबूत होता.

१९९१ च्या आखाती युद्धाने परदेशी वाहिनी घरात आणली. १९९२ च्या ऑक्टोबरात पहिली खासगी हिंदी वाहिनी आली. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. आता प्रेक्षक राजा होणार, असे अनेकांना वाटले.

राजा झाले ते एक यंत्र. निवडक घरांतील संचांना ते जोडतात. कार्यक्रमाच्या आवाजात मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण ते ओळखते आणि कोणती वाहिनी किती वेळ चालू होती याची नोंद करते. यावरून निघणारा आकडा म्हणजे सर्वपरिचित टीआरपी. २०२० च्या अंदाजाप्रमाणे देशात सुमारे २१ कोटी घरांत संच होते आणि यंत्रे होती सुमारे ४४ हजार घरांत. म्हणजे एका घराच्या सवयीवर जवळजवळ पावणेपाच हजार घरांची आवड ठरावयाची. नमुन्याची पाहणी म्हणून यात वावगे काही नाही. शितावरून भाताची परीक्षा आपणही करतोच. अडचण दुसरीच आहे. हे यंत्र वेळ मोजते, मत मोजत नाही. आवडीने पाहणारा आणि ‘काय हा तमाशा’ म्हणत पाहणारा, दोघांची नोंद तिथे सारखीच होते. जाहिरातीचा दर त्याच नोंदीवर ठरतो.

याचा सर्वांत मोठा फटका बातम्यांना बसला. बातमीदाराला गडचिरोलीस धाडावयाचे तर वाहन, छायाचित्रक, चार दिवसांचा वेळ आणि खर्च लागतो; शिवाय हाती बातमी लागेलच असे नाही. चार माणसांना चौकटीत बसवून तासभर भांडविण्यास यांतले काहीच लागत नाही, आणि भांडण पाहावयास माणूस थांबतोच. मनोरंजनाच्या मानाने वृत्तवाहिन्यांचा प्रेक्षकवर्ग थोडा असल्याने, मोजक्या घरांतील फरकानेही क्रमवारी हलू शकते. ऑक्टोबर २०२० मध्ये अशा घरांना पैसे देऊन ठराविक वाहिन्या लावून ठेवल्या जातात, असा आरोप मुंबई पोलिसांनी केला. तेव्हापासून मार्च २०२२ पर्यंत वृत्तवाहिन्यांची क्रमवारी प्रसिद्ध होणे बंद राहिले. तो खटला पुढे मागे घेण्यात आला. परंतु त्या सुमारे दीड वर्षात आकडा नव्हता म्हणून चर्चांचा आवाज खाली आला, असे काही झाले नाही. सवय जडली होती.

प्रेक्षकाला तक्रार करता येत नाही असे नव्हे. वृत्तवाहिन्यांच्या संघटनेने स्थापन केलेला एक प्राधिकार आहे. तेथे अर्ज करता येतो, क्वचित वाहिनीला क्षमाही मागावी लागते. मात्र २०२३ साली दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये होती. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ही रक्कम परिणामकारक नसल्याचे बोलून दाखविले. समाजमाध्यमांवर संताप व्यक्त होतो, पण त्या संतापानेही कार्यक्रमाचा बोलबालाच होतो.

यंत्र बसविलेल्या घरांत प्रत्येक माणसासाठी एक बटण ठरवून दिलेले असते. संचासमोर बसताना ते दाबावयाचे आणि उठताना पुन्हा दाबावयाचे. चर्चेला वैतागून ताडकन उठलेले आजोबा गॅलरीत जाऊन उभे राहतात. बटण दाबण्याचे त्यांच्या ध्यानात राहिले नाही, तर यंत्राच्या हिशेबी ते अजून खुर्चीतच असतात.