खेळातील काळ आणि कर्त्याचे उत्तरदायित्व

प्रत्येक खेळाला स्वतःचा असा काळ असतो, आणि तो घड्याळातील काळाहून निराळा असतो. सातारा आणि १९४९ पासून १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ या नावाने ओळखला गेलेला सांगली, या दोन्ही जिल्ह्यांतील गल्लीबोळांतून पकडापकडी खेळणारी मुले ‘टाइमप्लीज’ असा पुकारा करून खेळ थांबवीत आली आहेत. शब्द इंग्रजी वळणाचा असला, तरी संकेत पुरता घरचा झालेला आहे. पुकारा होताच पाठलाग थांबतो, सुटलेला बंद बांधून होतो, आणि ज्याच्यावर राज्य असेल तो पुन्हा धावू लागतो. मात्र येथे काळ थांबतो तो सर्व गड्यांच्या संमतीने. संमती नसेल, तर उरते ते केवळ भांडण.

रंगभूमीवर हाच अधिकार एका व्यक्तीकडे येतो. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग केला. भाव्यांच्या पद्धतीत कथानकाची पदे सूत्रधार गात असे व पात्रे त्या अनुरोधाने अभिनय आणि उत्स्फूर्त भाषण करीत. कित्येक दिवसांचा प्रवास एका पदात आटोपणे किंवा एखादाच प्रसंग गाऊन लांबविणे सूत्रधाराला शक्य होते. पात्रांच्या हाती कृती होती. काळाची सूत्रे मात्र दुसऱ्याच्या हाती होती.

कृती करणाराच काळाचाही स्वामी झाला, तर काय होईल? या प्रश्नाचा विचार काही संगणकीय खेळांत झालेला आढळतो. प्रथमपुरुषी नेमबाजीच्या खेळात खेळाडू पात्राच्या डोळ्यांनी पाहतो. पडद्यावर पात्राचे केवळ हात व शस्त्र दिसतात. या प्रकारातील ‘टाइमशिफ्ट’ (२००७) या खेळात काळ मंद करणे, थांबविणे व उलटा फिरविणे अशा तीन शक्ती खेळाडूला मिळतात. अमेरिकेतील रेव्हन सॉफ्टवेअर या संस्थेचा ‘सिंग्युलॅरिटी’ (२०१०) याच परंपरेतला. प्रसिद्धीच्या वेळी तो बराचसा दुर्लक्षित राहिला आणि त्याचा पुढील भागही निघाला नाही; तथापि प्रस्तुत प्रश्नाचे सर्वांत सूक्ष्म विवेचन त्यातच सापडते.

‘सिंग्युलॅरिटी’चे कथानक कातोर्गा-१२ या कल्पित सोव्हिएत बेटावर घडते. ई-९९ नामक कल्पित मूलद्रव्याच्या बळावर चालणारे एक यंत्र नायक रेन्को याच्या मनगटावर येते. त्याच्या योगाने मोडलेला जिना पूर्ववत होतो आणि समोरच्या शत्रूची क्षणात धूळ होते. चेपलेली पेटी अर्धवट उघड्या दाराखाली सरकवून तिला पुन्हा नवी केली, की ती दार वर उचलते. अर्थात् ही सत्ता सर्वव्यापी नाही. यंत्राचा प्रभाव ठरावीक वस्तूंवरच पडतो, म्हणून कोणत्या वस्तूचा काळ कोणत्या दिशेने न्यावा याचा विचार खेळाडूला करावा लागतो. ही मर्यादा नसती, तर कोणतीच अडचण अडचण राहिली नसती.

येथे एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. या प्रकारच्या बहुतेक खेळांत पात्र मेले, की खेळ मागील एखाद्या ठिकाणापासून पुन्हा सुरू होतो. हेही कालाचे परावर्तनच होय. परंतु कथेला त्याची दखल नसते. मृत्यू घडलाच नाही असे मानून कथा पुढे चालते. यंत्राने घडविलेले परावर्तन मात्र कथेच्या आत घडते आणि म्हणून त्याचे परिणामही कथेत उमटतात.

ते परिणाम किती दूरवर जातात हे कथानकाच्या आरंभीच्या प्रसंगावरून कळते. २०१० सालचा रेन्को अकस्मात १९५५ सालात जाऊन पडतो आणि आगीत सापडलेल्या डेमिचेव्ह नामक शास्त्रज्ञास वाचवितो. पुढे हाच डेमिचेव्ह ई-९९ च्या बळावर जगावर सत्ता गाजवितो. जिना दुरुस्त करण्यास एक क्षण पुरतो, पण या दयेच्या कृत्याची दुरुस्ती इतकी सोपी नाही. अखेरीस बारिसोव्ह हा दुसरा शास्त्रज्ञ एकच उपाय सुचवितो : रेन्कोने १९५५ मध्ये परत जाऊन आपल्याच पूर्वरूपाला ठार मारावे. खेळाडू हा मार्ग पत्करू शकतो, डेमिचेव्हशी हातमिळवणी करू शकतो, किंवा दोघांनाही गोळी घालू शकतो. पहिला मार्ग स्वीकारला, तरीही पूर्वीचे जग जसेच्या तसे परत येत नाही; बेटावरील पुतळा आता बारिसोव्हचा झालेला असतो.

वस्तूची अवस्था पालटता येते, परंतु कृत्याचे कर्तेपण पालटता येत नाही, हा या खेळाचा निष्कर्ष म्हणता येईल. शस्त्र हाती असलेल्या खेळाडूला येथे सर्वांत महाग पडते ती त्याने झाडलेली गोळी नव्हे, तर त्याने वाचविलेला जीव. ‘टाइमप्लीज’मध्ये थांबलेल्या काळाची जबाबदारी सर्व गड्यांत वाटली जाते, भाव्यांच्या नाटकात ती सूत्रधार वाहतो. ‘सिंग्युलॅरिटी’मध्ये ती वाटून घेण्यास कोणी नाही. क्रीडा व नाट्य यांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यांनी अशा दुर्लक्षित कृतींकडे वळावे, ते याच कारणासाठी.