गिटारचा आवाज : नळीचा कीं गणिताचा ?

विद्युत् गिटार हें वाद्य एकटें फारसें वाजत नाहीं. साध्या लांकडी गिटारीस पोकळ पोट असतें व तेंच तिचा नाद मोठा करितें. विद्युत् गिटार बहुधा भरीव लांकडाची असते. तिच्या तारा नुसत्या छेडल्या तर शेजारच्या खोलींतही धड ऐकूं येत नाहीं. तिच्या तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचीं हजारों वेटोळीं बसविलेलीं असतात. पोलादी तार कंप पावली कीं त्या वेटोळ्यांत अत्यंत क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो वाढवून कर्ण्यांतून बाहेर टाकण्याचें काम ॲम्प्लिफायर करितो. तेव्हां जें मूल वडिलांजवळ विद्युत् गिटार मागतें, तें वस्तुतः दोन वाद्यें मागत असतें. पहिल्याची निवड रंग व आकार पाहून सहज होते. दुसऱ्यापाशीं मात्र पालक गोंधळांत पडतात. कारण येथें दोन पंथ आहेत. एक म्हणतो, खरा आवाज निर्वात नळीचा, म्हणजे व्यवहारांत जिला व्हॉल्व्ह किंवा ट्यूब म्हणतात तिचा. दुसरा म्हणतो, तोच आवाज आतां गणित करून काढतां येतो, मग कांचेच्या नळ्या हव्यात कशाला ?

प्रथम नळीचा विचार करूं. इंग्लंडांत फ्लेमिंग यांनीं १९०४ सालीं दोन विद्युदग्रांची नळी केली, आणि दोनच वर्षांनीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं तशा नळींत बारीक जाळीचें तिसरें विद्युदग्र घातलें. नळींतील हवा काढून टाकलेली असते. आंतला एक भाग तापविला म्हणजे त्यांतून इलेक्ट्रॉन सुटतात व समोरच्या धनभारित पत्र्याकडे धांव घेतात. वाटेंतल्या जाळीवर गिटारीकडून आलेली क्षीण लहर सोडिली कीं तो लोंढा तिच्याप्रमाणें कमीजास्त होऊं लागतो. शेतकरी पाटाच्या तोंडाशीं फळी खालींवर करून पाणी सोडतो, त्यांतलाच हा प्रकार. फळी हालविण्यास मुलाचेंही बळ पुरतें; तिच्या तालावर वाहणारें पाणी मात्र पुष्कळ असतें.

आतां पाटांत जितकें पाणी आहे त्याहून अधिक कोठून येणार ? तार जोरानें छेडली आणि यंत्र चढें ठेविलें, कीं लहरीचा माथा नळीच्या मर्यादेस जाऊन भिडतो व पुरा उमटत नाहीं. इंजिनियर यास विकृति म्हणतात, आणि रेडिओंत ती दोषच होय. गिटारवाल्यांनीं ह्या दोषासच गुण मानिलें. नळी लहरीचा माथा एकदम छाटीत नाहीं, हळूहळू दडपून गोलसर करिते. त्यामुळें मूळ स्वरांत नवे उपस्वर मिसळतात, व आवाज भरदार, किंचित् खरखरीत आणि लांबणारा होतो. तंबोऱ्याची जवारी लागली म्हणजे एकाच तारेंतून स्वरांचें मोहोळ उठतें. कारण निराळें असलें तरी कानास होणारें सुख त्याच जातीचें आहे. शिवाय हें सगळें वादकाच्या बोटांच्या आधीन असतें. हलकें छेडलें तर आवाज निर्मळ, जोरानें छेडलें तर रागावलेला. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवचे लिओ फेंडर, आणि फेंडरच्याच एका यंत्राची रचना पुढें ठेवून १९६२ सालीं लंडनमधील आपल्या दुकानांत नवा ॲम्प्लिफायर बांधविणारे जिम मार्शल, यांच्या नांवांभोंवतीं ह्या आवाजाचा पुष्कळसा इतिहास फिरतो.

पण हें सुख स्वस्त नाहीं. नळी मर्यादेपर्यंत ताणली गेली तरच तो आवाज निघतो, आणि ताणलेला ॲम्प्लिफायर फार मोठ्यानें ओरडतो. लहान यंत्र घेतलें म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. कानाचा हिशेब निराळा आहे. शक्ति दहापट करावी तेव्हां कोठें आवाज सुमारें दुप्पट वाटतो. म्हणजे १०० वॅटांचें यंत्र १० वॅटांच्या यंत्राहून दसपट नव्हे, दुप्पटच मोठें वाटावयाचें. उलट गिटारीचे कर्णे असे केलेले असतात कीं, एकाच वॅटावर एक मीटर अंतरावरही आवाज बहुधा ९७ ते १०० डेसिबल भरतो. कामगारांच्या आरोग्याचा विचार करणारी अमेरिकेंतील शासकीय संस्था ८५ डेसिबलांस दिवसाचे ८ तास ही मर्यादा सांगते, व पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलांस ती निम्मी करिते. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा : १०० डेसिबलांस उरतात अवघीं १५ मिनिटें. आणि असल्या आवाजानें एकदां गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं. चाळींतल्या शेजाऱ्यांचा प्रश्न तर वेगळाच.

गणिताचा मार्ग असा. गिटारीची लहर सेकंदास, उदाहरणार्थ, ४८,००० वेळां मोजून तिचे आंकडे करावयाचे. नळ्या, रोहित्र व कर्णा यांनीं त्या लहरीचें काय केलें असतें तें सूत्रांनीं काढावयाचें. आणि उत्तराची पुन्हां लहर करून बाहेर सोडावयाची. अशा यंत्रास मॉडेलर म्हणतात. अमेरिकेंतील लाइन सिक्स कंपनीची पॉड नांवाची तांबडी डबी १९९८ सालीं निघाली व फार लोकप्रिय झाली. तिचा आकार घेवड्याच्या दाण्यासारखा होता. पुढें जर्मनींतील केम्पर यांच्या यंत्रानें, खऱ्या ॲम्प्लिफायरमध्यें ठराविक नाद सोडून त्याचें उत्तर टिपून घेण्याची युक्ति आणिली. अलीकडे तर आंत गेलेली व बाहेर आलेली लहर संगणकापुढें ठेवून त्यालाच शिकवितात. न्यूरल ॲम्प मॉडेलर नांवाची अशी एक प्रणाली विनामूल्य मिळते. ध्वनिमुद्रण ऐकून त्यांतील गिटार नळीची कीं गणिताची हें सांगणें आतां फार कठीण झालें आहे.

गणितास वेळ लागतो म्हणून स्वर उशिरां येतो, ही तक्रार नेहमीं ऐकूं येते. वेळ लागतो खरा, पण चांगल्या यंत्रांत तो सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांपुरताच. हवेंतून आवाज एका सहस्रांश सेकंदांत सुमारें ३४ सेंटिमीटर जातो. तेव्हां तीन सहस्रांशांचा उशीर म्हणजे कर्ण्यापासून एक मीटर मागें सरकून उभें राहणें.

खरा भेद दुसरीकडे आहे, आणि दुकानदार तो क्वचितच सांगतो. मॉडेलर बहुधा नुसत्या ॲम्प्लिफायरची नक्कल करीत नाहीं, मायक्रोफोनपुढें ठेवलेल्या ॲम्प्लिफायरची करितो. ध्वनिमुद्रिकेंत ऐकूं येतो तो आवाज त्यांतून निघतो; खोलींत उभें राहिल्यावर कर्ण्याचा जो धक्का छातीस लागतो, तो हेडफोनांत येत नाहीं. ज्याच्या कानास खोलींतला आवाज ठाऊक आहे त्यास मॉडेलर परका वाटतो, आणि ज्यानें सदैव ध्वनिमुद्रिकाच ऐकल्या त्यास खोलींतला ॲम्प्लिफायर ओबडधोबड वाटतो. दोघेही आपापला आवाज खरा म्हणून भांडतात. प्रकाश साधून काढलेलें छायाचित्र आणि दारांत उभा असलेला माणूस, यांत खोटें कोण, असें विचारण्यापैकींच तें आहे.

दोन्ही पंथ शेजारीं शेजारीं पाहावयाचे असल्यास फेंडर कंपनीचें ट्विन रिव्हर्ब पाहावें. १९६५ च्या नमुन्यावर केलेल्या नळ्यांच्या यंत्रांत लहानमोठ्या १० नळ्या व १२ इंची दोन कर्णे असतात. शक्ति ८५ वॅट, वजन सुमारें २९ किलो. त्याच कंपनीनें २०१९ सालीं त्याच रूपाचें, पण आंत गणित करणारें, टोन मास्टर नांवाचें यंत्र काढिलें. त्याचें वजन सुमारें १५ किलो, आणि मागची खुंटी फिरविली कीं तोच ताणलेला आवाज एका वॅटापर्यंत खालीं उतरवितां येतो. त्यास खरे कर्णे असल्यामुळें वर सांगितलेली उणीवही बरीच भरून निघते. मात्र तें शेंकडों यंत्रांची नव्हे, एकाच यंत्राची नक्कल करितें. आम्हांस हा त्याचा गुण वाटतो. ज्या मॉडेलरांत शंभर ॲम्प्लिफायर भरलेले असतात, त्यापुढें बसलेलें मूल तासभर खुंट्याच फिरवीत राहतें आणि सराव तसाच राहून जातो.

देखभालीच्या बाबतींत पारडें एकाच बाजूस झुकत नाहीं. शेवटच्या टप्प्यांतील मोठ्या नळ्या झिजतात व कांहीं वर्षांनीं बदलाव्या लागतात. आज त्या मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया व चीन ह्या देशांत होतात. २०२२ सालीं रशियाची निर्यात अडली तेव्हां गिटारवाल्यांत एकच धांवपळ उडाली. परंतु १९६० नंतरच्या दशकांतील नळ्यांचीं यंत्रें अजून वाजत आहेत, कारण त्यांची रचना साधी असून जाणता कारागीर डाग देऊन बिघडलेला भाग बदलूं शकतो. मॉडेलरची मुख्य चकती बिघडली तर बहुधा सगळीच बदलावी लागते. जाणता कारागीर असें मुद्दाम म्हटलें आहे. नळ्यांच्या यंत्रांत ४०० व्होल्ट व त्याहूनही अधिक दाब असतो, आणि वीज काढून घेतल्यावरही तो आंतल्या धारित्रांत टिकून राहूं शकतो. मुलांनीं मागची फळी कधींही उघडूं नये. तसेंच कर्णा जोडल्यावांचून असें यंत्र चालूं ठेवूं नये. रोहित्र जळण्याचा संभव असतो.

शिकावयास लागलेल्या व भिंतीस भिंत लागून असलेल्या घरांत राहणाऱ्या मुलास मॉडेलरच घेऊन द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्यांतील एक निर्मळ व एक खरखरीत असे दोनच आवाज निवडून वर्षभर त्यांवरच हात बसवावा. हेडफोन लाविले म्हणून कानांचा धोका टळतो असें नाहीं. तेथेंही आवाज बेताचाच ठेवावा. जो मुलगा किंवा जी मुलगी ढोलताशासारख्या दणदणीत ड्रमच्या शेजारीं उभी राहून वाजवूं लागली आहे, तिनें एकदां तरी नळ्यांचें यंत्र हातीं घेऊन पाहावें. बोटांच्या दाबास तें कसें उत्तर देतें हें वाचून कळत नाहीं.

अमेरिकेंतील नातेवाइकानें यंत्र आणून देण्याची तयारी दाखविली तर आधीं त्याच्या मागची पाटी वाचावयास सांगावी. तिकडील घरांतील वीज १२० व्होल्टांची, आपल्याकडील २३० ची. पाटीवर नुसतें १२० लिहिलें असेल तर दाब उतरविणारें वेगळें रोहित्र घ्यावें लागेल, नाहीं तर पहिल्याच दिवशीं यंत्र जळेल. येथेंच घ्यावयाचें असल्यास मुलास त्याची स्वतःची गिटार घेऊन दुकानांत न्यावें. आणि दुकानदारानें यंत्र कितीही मोठें करून दाखविलें, तरी रात्रीं नऊ वाजतां घरीं जितका आवाज चालेल तितकाच ठेवावयास लावून मग तें ऐकावें.