टायरचीही जोडी जुळावी लागते

अनसिंग हे वाशीम–पुसद रस्त्यावरचे मोठे गाव. अशा गावाच्या फाट्यावर घटकाभर उभे राहिले, तर नाना तऱ्हेची चाके डोळ्यांसमोरून जातात. सायकल, मोटारसायकल, ट्रॅक्टर, एस.टी., प्रवासी जीप आणि टायर लावलेली बैलबंडीसुद्धा! एखाद्या जुन्या जीपच्या चार चाकांकडे मात्र जरा निरखून पाहा. पुढचा डावा टायर एका कंपनीचा, उजवा दुसऱ्या कंपनीचा. मागे एक नवा कोरा, तर एक रबर चढवून घेतलेला. मालकाला विचारावे, तर उत्तर ठरलेले असते : “माप एकच आहे ना? मग काय बिघडले?”

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी नववी-दहावीचे गणित आणि भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

माप एक, परीघ दोन

मोटारीच्या टायरच्या कडेवर ‘१८५/६५ आर १५’ असे काहीतरी लिहिलेले असते. १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि १५ हा लोखंडी चाकाचा इंचांतील व्यास. आता हिशेब करू. कडेची उंची झाली सुमारे १२० मिलिमीटर. वर आणि खाली मिळून २४०.५ मिलिमीटर. त्यात १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर मिळवले, की पूर्ण व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. परीघ सुमारे १ मीटर ९५ सेंटिमीटर. म्हणजे एक किलोमीटर जाताना हे चाक साधारण ५१२ फेरे घेते.

आता दुसऱ्या बाजूचा टायर याच मापाचा, पण ६ मिलिमीटर झिजलेला आहे असे समजा. त्याचा व्यास १२ मिलिमीटरने कमी झाला. तेवढ्याच अंतरात तो सुमारे ५२२ फेरे घेईल. किलोमीटरमागे दहा फेऱ्यांचा फरक! निरनिराळ्या कंपन्यांच्या नव्या टायरांतही, माप तेच असूनही, काही मिलिमीटरांचा फरक असू शकतो. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या ज्या गाड्यांत पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी पक्के जोडले जातात, तेथे हा फरक कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर व दातेरी चाके यांना सोसावा लागतो.

रबर वाकते, म्हणून गाडी वळते

धावती मोटार रस्त्याला टेकलेली असते ती केवळ चार छोट्या जागांवर. प्रत्येक जागा साधारण पोस्टकार्डाएवढी! वेग वाढवणे, थांबणे, वळणे ही सारी कामे या चार पोस्टकार्डांवरच चालतात.

वळताना चाकाचे तोंड ज्या दिशेला असते, नेमक्या त्याच दिशेला चाक जात नाही. टायरचे रबर व कडा किंचित वाकतात, आणि दोन्ही दिशांमध्ये छोटासा कोन पडतो. त्याला आपण घसरकोन म्हणू. गाडीला वळणावर ठेवणारे अभिकेंद्री बल या वाकण्यातूनच मिळते. ताठ टायर थोड्या कोनात पुष्कळ बल देतो. मऊ कडांच्या टायरला तेवढ्याच बलासाठी जास्त कोन लागतो.

हा ताठपणा कशावर ठरतो? रबराच्या मिश्रणावर, आतील धाग्यांच्या मांडणीवर, वरच्या खाचांवर आणि आतल्या हवेवर. प्रत्येक कंपनीची कृती निराळी. एकाच कंपनीच्या दोन प्रकारांचीही निराळी. जुन्या पद्धतीच्या टायरांत धागे तिरपे आणि एकमेकांना छेदून जाणारे असतात. गॅरेजमध्ये त्यांना सर्रास ‘नायलॉन टायर’ म्हणतात. रेडियल टायरांत धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे जातात आणि वर पट्ट्यांचे वेष्टन असते. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने या रचनेचे पेटंट १९४६ साली घेतले. भारतात रेडियल टायर १९७७ पासून बनू लागले.

समजा, पुढे रेडियल आणि मागे नायलॉन टायर लावले. वळणावर मागच्या टायरांचा घसरकोन जास्त होईल. गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाईल आणि गाडी गर्रकन फिरू शकेल. दोन आसांच्या मोटारीवर अशी जोडणी करण्यास ब्रिटनमध्ये कायद्यानेच मनाई आहे.

उलट पुढचे टायर आधी घसरले, तर गाडी वळणाच्या बाहेर सरकते; पण ती सरळ राहते, आणि चालकाला वेग कमी करून सावरण्याची संधी मिळते. म्हणूनच दोनच नवे टायर घेतले तर ते मागे लावावेत, असा टायर बनवणाऱ्यांचा सल्ला असतो. पुष्कळांना हे उलटे वाटते! पटत नसेल तर प्रयोग करा.

प्रयोग : एक खेळण्यातली मोटार घ्या. तिची मागची दोन्ही चाके चिकटपट्टीने जखडून टाका. फळी तिरपी धरून मोटार वरून सरळ सोडा. मोटार वाटेतच उलटी फिरते. आता पट्टी काढून पुढची चाके जखडा. मोटार सरळ खाली येते. जखडलेले चाक घसरू लागले, की त्याची आडवी पकड जाते. मागची पकड गेली की मागचा भाग पुढच्याला गाठायला धावतो.

एकाच आसावर डावा-उजवा टायर निराळा असेल तर? पोळ्याच्या गावातील मुलांना हे सांगायला नको. एक बैल दमदार आणि दुसरा थकलेला असला की बंडी एका अंगाला ओढली जाते. तसेच ब्रेक दाबताच गाडी चांगल्या पकडीच्या बाजूला ओढ घेते. डांबरावर काळ्या मातीचा चिखल आणि वर पाऊस असला, तर हा फरक आणखी वाढतो.

स्पोर्ट्स कारची चाके निराळी कशी?

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील : “ट्रॅक्टरची मागची चाके तर केवढी मोठी! कित्येक स्पोर्ट्स कारचेही मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. मग ते चालते कसे?”

चालते, कारण तो फरक हिशेबाने ठेवलेला असतो. चारही चाकांना ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये दातेरी चाकांचे प्रमाण टायरांच्या परिघांवरून ठरवतात. स्पोर्ट्स कारमध्ये वजन कोठे आहे ते पाहून पुढची-मागची पकड तोलतात. जर्मनीची पोर्शे कंपनी मान्य केलेल्या टायरांवर ‘एन०’, ‘एन१’ अशा खुणा करवून घेते. कंपनी एक, माप एक, तरीही निराळ्या खुणांचे टायर मिसळू नयेत, असे ती सांगते.

हवेचेही तसेच. १९६० चे मॉडेल म्हणून अमेरिकेत आलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेअर या मोटारीचे इंजिन मागे होते. तिच्या टायरांत पुढे १५ आणि मागे २६ पौंड हवा भरावी, असे सांगितले होते. चारही चाकांत सारखी हवा भरणाऱ्या मालकाने तिचा तोल नकळत बिघडवला. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात या मोटारीवर कडक टीका केली, आणि मोटारींच्या सुरक्षिततेचा प्रश्न अमेरिकेत ऐरणीवर आला.

वेगाचा वर्ग

“आमची जीप तर वर्षानुवर्षे अशीच चालते,” असे मालक म्हणेल. ताशी ४० किलोमीटरला चालतही असेल. पण वळणावर लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० चे १२० झाले, तर त्याच वळणावर नऊपट बल लागते! ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातूनच जातो. ५ जून २०२५ रोजी तो पूर्ण खुला झाला. गावच्या रस्त्यावर न जाणवलेला दोष तेथे एकाएकी उघडा पडू शकतो, आणि तेव्हा सुधारायला वेळ नसतो.

म्हणून निदान एका आसावरचे दोन टायर एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे, मापाचे आणि जवळपास सारख्याच झिजेचे असावेत. नायलॉन व रेडियल मिसळू नयेत. निराळ्या जातीची स्टेपनी लावावी लागली, तर गाडी हळू हाकत जवळच्या दुकानापर्यंतच न्यावी.

आता तुमचे काम. घरच्या किंवा शेजारच्या गाडीचे चारही टायर वाचा. कंपनी, प्रकार, माप लिहून घ्या. कडेवर चार आकडी संख्या सापडेल. ‘३२२३’ म्हणजे २०२३ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला टायर. खाचांची खोली पट्टीने मोजा. मोटारीच्या टायरवर ती १.६ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर तो बाद समजावा. मग तक्ता करून वर्गात आणा, आणि कोणत्या आसावरची जोडी जुळत नाही ते शिक्षकांच्या मदतीने ठरवा. ज्या गाडीची जोडी जुळत नसेल, तिच्या मालकाला तो तक्ता जरूर दाखवा.