पत्रादेवीच्या अलीकडे डीजे, पलीकडे क्लब

सिंधुदुर्गात डीजे पुष्कळ आहेत. क्लब शोधावे लागतात. १९९७ साली हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्ली-देवबागला स्कूबा आलं, न्याहारी-निवास आले, माशांची ताटं मोठी झाली. रात्र मात्र पूर्वीसारखीच लवकर निजते. नाचायचं तर बांदा सोडून पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात जायचं. त्यामुळे इथल्या पोराची या धंद्यातली वाटचाल दोन राज्यांत वाटली जाते: शिकणं मांडवात, नाव क्लबात. त्यातल्या मांडवातल्या शिकण्याला आपण फार कमी भाव देतो, असं माझं मत आहे.

सुरुवात बहुधा साउंडवाल्याच्या टेम्पोत होते. पोरगा वायरी गुंडाळतो, बेसवर टॉप चढवतो, जनरेटरमध्ये डिझेल ओततो. मुख्य माणूस जेवायला बसला की तेवढ्यापुरता मिक्सर याच्या हाती येतो. हळदीच्या मांडवात समोर शाळकरी पोरं असतात, मुंबईहून आलेले चाकरमानी असतात, नऊवारीतली आजीही असते. ‘कोंबडी पळाली’वर आजी उठली म्हणून लगेच ‘झिंगाट’ लावायचं नसतं. मध्ये एक गाणं तिला दम खायला सोडायचं. क्लबातली माणसं साधारण एका वयाची आणि नाचायच्याच तयारीने आलेली. मला विचाराल तर मांडवाची परीक्षा जास्त कठीण.

शिवाय रात्र कशी चढवत न्यायची, हे या किनाऱ्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. डबलबारी भजन आठवा. दोन बुवा समोरासमोर, पेटी, पखवाज, झांजा. अभंगावर बैठक जमवायची, गवळणीत लोकांना हसवायचं, जाता जाता समोरच्या बुवाला चिमटा काढायचा आणि गजर राखून ठेवायचा. गजर आधीच उधळला की पुढे बारी सावरत नाही. दशावतारात तर लिहिलेली संहिताच नसते. पेटीवाला आणि मृदंगवाला पात्राच्या पावलावर डोळा ठेवून वाजवतात, आणि हे पहाटेपर्यंत चालतं. क्लबात सुरुवातीच्या डीजेचं काम याहून निराळं नाही. त्याने मिनिटाला ११८-१२० ठोक्यांच्या आसपास रेंगाळत लोकांना फ्लोअरवर आणायचं आणि मुख्य पाहुण्याची गाणी त्याच्यासाठी सोडायची. नवखे नेमके इथे चुकतात. पहिल्याच तासात सगळी हिट गाणी वाजवून टाळ्या घेतात, आणि पुढच्या आठवड्यात त्यांना बोलावणं येत नाही.

गोव्याची गोष्ट बहुतेकांना ऐकून माहीत असते. कॅलिफोर्नियाचा गिल्बर्ट लेव्ही सत्तरच्या आसपास हणजुण्याला आला, गोवा गिल झाला, आणि किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून नव्वदच्या दशकात गोवा ट्रान्स नावाचा प्रकार जगभर गेला. २०२३ मध्ये गिल वारला. सनबर्न हा डान्स संगीताचा महोत्सव २००७ मध्ये कांदोळीला सुरू झाला, २०१६ मध्ये पुण्याला गेला, आणि पुढे परतून २०२४ मध्ये पेडण्यातल्या धारगळला भरला. धारगळ म्हणजे आपल्या वेशीवरच. पण एवढ्या मोठ्या मंचावर आपला पोरगा दिसला तर तो बहुधा केबल टाकताना दिसतो. खरी नोकरी छोट्या जागी असते: रेसिडेंट डीजे, आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री, कधी जेवण-राहणं धरून पगार. पावसाळ्यात शॅक बंद, मग पुन्हा गावाकडे, गणपतीत विसर्जनाचा ट्रक.

इथे वाट फुटते. दुसऱ्यांची गाणी वाजवून पोट भरतं, पण नाव होतं ते स्वतःच्या गाण्याने. आणि हा फाटा दिसतो तितका सोपा नाही. गाजलेल्या गाण्याचं रीमिक्स चार दिवसांत गावोगाव वाजतं, पण ते दुसऱ्याच्या मालकीचं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या ३१सी कलमाने गाण्याची नवी आवृत्ती काढायला मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबायची अट घातली, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायला लावली, आणि मूळ रचनेत मनमानी बदलही करता येत नाहीत. म्हणजे बेस वाढवून, मध्ये शिट्ट्या टाकून केलेलं आपलं नेहमीचं रीमिक्स त्या सवलतीत बसतच नाही. त्यातून कमाई होते ती फक्त सुपारीची.

स्वतःची रचना करायला आता लॅपटॉप आणि एफएल स्टुडिओसारखं सॉफ्टवेअर पुरतं. चाळीसेक वर्षांपूर्वी तसं नव्हतं. मुंबईतले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. रेकॉर्ड खपली नाही. २०१० मध्ये एका डच लेबलने ती पुन्हा काढली, तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं की शिकागोत अॅसिड हाउस जन्मण्याच्या काही वर्षं आधी तसला आवाज मुंबईत निघाला होता. सिंग यांना सत्तरीत परदेशी मंच मिळाले. २०१५ मध्ये ते गेले. कारकीर्द उशिरा फळते म्हणतात, पण इतकी उशिरा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

नंतरच्यांनी मात्र रस्त्यावरचा आवाज वेळीच ओळखला. न्यूक्लिया म्हणजे उद्यन सागर यांनी ‘बास रानी’ २०१५ मध्ये मुंबईतल्या गणेशविसर्जनात ट्रकवरून वाजवत आणला. २०२४ मध्ये क्रेटेक्स, म्हणजे कृणाल घोरपडे, आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रकाशित केलं. हाउसचा सरळ चार ठोक्यांचा बांधा आणि वर मराठी बोल. डान्स संगीतातल्या बड्या लेबलवर मराठी! त्या गाण्याने आमच्याकडच्या पोरांना एक गोष्ट समजली असेल: बोल इंग्रजी किंवा हिंदी करायची गरज नाही.

मालवणी तर अजून तशीच पडून आहे. डबलबारीचा गजर, दशावतारातल्या युद्धाच्या वेळची झांज, फुगडीच्या पावलांचा ठेका, यातलं लॅपटॉपात फारसं उतरलेलं माझ्या तरी कानी आलेलं नाही. अडचण तंत्राची नाही. जत्रेत मोबाइलवर टिपलेला पखवाज कापून ट्रॅकमध्ये घालणं सगळ्यात सोपं, आणि तिथेच घोळ. कायद्याने तो पखवाजवाला ‘परफॉर्मर’ आहे; त्याचं वादन रेकॉर्ड करायला त्याची परवानगी लागते, आणि २०१२ पासून त्या वादनाच्या व्यावसायिक वापरात त्याला रॉयल्टीचाही हक्क आहे. तेव्हा ज्याला हे करायचं आहे त्याने आधी बुवाच्या पडवीत जाऊन बसावं, पखवाजवाल्याचं नाव गाण्यावर कसं यायचं आणि पैशात त्याचा वाटा किती ते कागदावर लिहून घ्यावं, आणि मग माइक लावावा.