शेपटीवरून ओळखलेली गाडी

आमच्या घरी अप्पांचा एकच फोटो आहे. एका लांबलचक अमेरिकन गाडीच्या मागच्या मडगार्डला टेकून ते उभे आहेत. अंगात ड्रायव्हरचा पांढरा गणवेश आणि कडेवर सहा-सात महिन्यांचं मूल. मुलाच्या डोक्यावर झालरीचं टोपडं. गाडी अर्थातच आमची नव्हे. अप्पा मुंबईत एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते, गाडी शेठची. अप्पा १९६५ साली गेले, तेव्हा मी सात वर्षांचा होतो.

ते मूल म्हणजे माझी ताई, असं आई सांगायची. ताई मी पाहिलेली नाही. ती १९५४ मध्ये, वर्षाची व्हायच्या आतच गेली आणि माझा जन्म १९५८ चा. तिचा दुसरा फोटो नाही. त्यामुळे हा फोटो देव्हाऱ्याखालच्या खणात रेशमी कापडात गुंडाळलेला असायचा आणि ताईच्या वाढदिवशी बाहेर निघायचा. गाडी कुठली, असं विचारलं की आई म्हणायची, "डॉज. शेठची डॉज." तिला त्या गाडीचा फार अभिमान होता.

२००५ च्या ऑक्टोबरमध्ये मी मुलीकडे अमेरिकेत होतो. पेनसिल्व्हेनियात हर्षी नावाचं गाव आहे. चॉकलेटसाठी प्रसिद्ध आहे ते. तिथे १९५५ पासून दर ऑक्टोबरमध्ये जुन्या मोटारींचा मेळा भरतो. जावई मला तिथे घेऊन गेले. निघताना आईला विचारून फोटोची मोठी प्रत करून घेतली होती, तीही बरोबर नेली. वाटलं, आईसाठी गाडीचं नाव-गाव नक्की करून नेऊ.

तो मेळा म्हणजे आपल्याकडची जत्राच. फक्त पाळण्यांच्या जागी हेडलाइट, बंपर, हबकॅप यांचे ढीग. सत्तरी-पंचाहत्तरीचे म्हातारे घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले. समोरून गाडी जायचा अवकाश, की एक म्हणायचा, "एकोणपन्नासची ब्यूक." दुसरा लगेच सांगायचा, त्याच्या काकाकडे तशीच होती आणि ती घाटात कशी तापायची. मी त्यांच्यातल्या एकाला विचारलं, "तुम्ही इतक्या चटकन वर्ष कसं सांगता?"

त्यांनी जे समजावलं, ते सोपं आहे. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली. दीड कोटी गाड्या, पण दर वर्षी नवं रूप द्यायची पद्धत तिला नव्हती. तिच्याशी टक्कर द्यायला जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी वेगळी युक्ती काढली. यंत्र बहुतेक तेच ठेवायचं, पण दर वर्षी गाडीचा चेहरा थोडा बदलायचा. म्हणजे शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी उभी राहिली, की आपली कालची गाडी जुनी वाटू लागते. त्यासाठी १९२७ मध्ये त्यांनी हार्ली अर्ल यांच्या हाताखाली रूप आणि रंग ठरवणारा खास विभाग उघडला. बाकीच्या कंपन्यांनाही मग तेच करावं लागलं. युक्ती गिऱ्हाइकाच्या खिशावर डोळा ठेवून केलेली; पण तिच्यामुळे गाडीच्या पत्र्यावर आपोआप सालाचा शिक्का बसत गेला.

हा शिक्का वाचायच्या खुणा ठरलेल्या आहेत. बॉनेटच्या बाजूला गोल भोकांची रांग दिसली, तर ब्यूक. ही भोकं १९४९ मध्ये आली. मोठ्या रोडमास्टरला बाजूला चार, लहान गाडीला तीन. बॉनेटवरून चकचकीत पट्ट्या गेल्या असतील, तर पाँटिअ‍ॅक, आणि १९५७ च्या आधीची, कारण त्या वर्षी पट्ट्या काढल्या. विमानाच्या नाकासारखं तोंड असेल, तर १९५० किंवा १९५१ ची स्टुडबेकर. पुढे दोनाऐवजी चार हेडलाइट दिसले, तर गाडी बहुधा १९५८ ची किंवा नंतरची. आणि शेपटीचे पंख! १९४८ च्या कॅडिलॅकला ते प्रथम आले. दुसऱ्या महायुद्धातल्या एका लढाऊ विमानाची दुहेरी शेपटी पाहून अर्ल यांच्या माणसांना ती कल्पना सुचली. मग पंख वाढतच गेले आणि १९५९ च्या कॅडिलॅकवर त्यांनी कळस गाठला.

एक काळजी मात्र घ्यायची. अमेरिकेत पुढच्या सालाचं मॉडेल आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच दुकानात येई. म्हणजे १९५७ ची गाडी १९५६ च्या अखेरीस रस्त्यावर दिसू शकते.

मी फोटो पुढे केला. त्या गृहस्थांनी आधी अप्पांकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि चमकून विचारलं, "स्टिअरिंग उजवीकडे कसं?" मग मी त्यांना मुंबईची गोष्ट सांगितली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने यायचे, गाड्या इथे जोडल्या जायच्या. नुसती जोडणी नको, भागही इथेच बनवा, असं सरकारने म्हटल्यावर तो कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने मात्र क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या गाड्या जोडायला घेतल्या होत्या. ते ऐकून म्हातारबुवा हसले. म्हणाले, "मग नाव मी सांगू शकणार नाही. परदेशी पाठवताना क्रायस्लर प्लिमथचीच बॉडी डॉज आणि डिसोटो या नावांनीही विकायची. पुढचं तोंड दिसलं असतं तर सांगितलं असतं. पण साल सांगतो."

त्यांनी बोट ठेवलं ते अप्पांच्या कोपराजवळ. मागच्या दारापासूनच पत्र्याची एक कड वर चढत जाते आणि शेवटी उंच पंख होतो. "हे व्हर्जिल एक्स्नर यांचं काम. १९५७. अचानक १९६० साल उजाडलं, अशी जाहिरात प्लिमथने त्या वर्षी केली होती. याच्या आधी असा पंख या गाडीला नव्हता."

मी दोनदा विचारलं. त्यांनी शेजारच्याला बोलावलं, तोही तेच म्हणाला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. गाडीवरून फोटोचं नेमकं साल ठरत नाही. गाडी वीस वर्षंही चालते; आपल्याकडे तर तीसही चालवतात. म्हणून जुनी गाडी दिसली, तर फोटो नंतरचा असू शकतो. पण जी गाडी बनलीच नव्हती, तिला टेकून कुणी उभं राहू शकत नाही. 'याच्या आधीचा नाही' एवढंच गाडी सांगते, पण ते पक्कं सांगते. फोटो १९५६ च्या अखेरीआधीचा असणं शक्य नव्हतं. ताई त्याआधी दोन वर्षं गेली होती. अप्पांच्या कडेवर मी होतो.

परतीच्या प्रवासात ठरवलं, आईला काही सांगायचं नाही. पन्नास वर्षं तिने जो फोटो लेकीचा म्हणून जपला, तो एका पत्र्याच्या पंखासाठी तिच्याकडून काढून घ्यायचा? पण घरी आल्यावर तिनेच विचारलं, "काय म्हणाले रे, कुठली गाडी?"

मी म्हणालो, "नाव नाही सांगता आलं त्यांना. सत्तावन्नची आहे."

ती बराच वेळ बोलली नाही. हिशेब तिला जमायचा. मग फोटो हातात घेतला, चष्मा लावला आणि म्हणाली, "टोपडं तिचंच आहे. तुझ्या वेळी नवं शिवलं नव्हतं. तेच घातलं तुला." आणि फोटो पुन्हा रेशमी कापडात गुंडाळून खणात ठेवला. ताईच्या वाढदिवशी तो त्यानंतरही निघत राहिला.

आई २००९ मध्ये गेली. फोटो आता माझ्याकडे आहे. त्याच्या मागे मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: 'अप्पा आणि मी. टोपडं ताईचं.' तुमच्याही कपाटात असे फोटो असतील. त्यांत एखादी गाडी दिसली, तर तिच्या बॉनेटकडे आणि शेपटीकडे जरा नीट पाहा. आणि घरातलं म्हातारं माणूस अजून असेल, तर आजच त्याच्याजवळ बसून प्रत्येक फोटोच्या मागे नाव आणि साल लिहून घ्या. गाडीला साल ठाऊक असतं. टोपडं कुणाचं, हे तिला ठाऊक नसतं.