थंडी, सायकल आणि दुपारचे टेबल

“सिस्टर, थंडीत गुडघे धरतात. चालणे बंद केले.” बीपीचे मशीन घेऊन घरोघर फिरताना हे वाक्य आम्ही दर हिवाळ्यात ऐकतो. आम्हीही नेहमीचे उत्तर देतो, “थंडीतच जास्त चालायला पाहिजे.” समोरचा मान डोलावतो, आठ दिवस चालतो, नंतर थांबतो. इतकी वर्षे नर्सिंगचे काम करून आम्ही एवढे शिकलो की सांगण्याने माणूस सुरुवात करतो, पण नुसत्या सांगण्याने टिकत नाही.

मग टिकतो कशाने? याचे एक चांगले उत्तर इंग्लंडमधल्या सायकल क्लबांकडे आहे. तिथली थंडी हाडे गोठवणारी. तरी साठी-सत्तरी उलटलेली माणसे आठवड्यातून एकदा सायकल काढतात, गावाकडच्या रस्त्याने जातात, दुपारी एखाद्या खेड्यातल्या पबमध्ये एकत्र जेवतात आणि अंधार पडायच्या आत घरी येतात. हे शर्यतीचे क्लब नव्हेत. इथे कुणी पहिला येत नाही आणि कुणाला मागे टाकून जात नाहीत.

फेरी कशी असते?

डिसेंबरच्या शेवटी लंडनला सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. म्हणून सारा हिशेब उजेडाचा. सकाळी साडेनऊ-दहाला ठरलेल्या जागी जमायचे. उन्हाळ्यात लांबचा पल्ला मारणारे लोक हिवाळ्यात ४० ते ५० किलोमीटरवर समाधान मानतात. मोठा रस्ता टाळून दोन्ही बाजूंना झुडपांचे कुंपण असलेल्या अरुंद वाटा धरतात. आजूबाजूला नांगरलेली काळी शेते, ओल्या गवतात मेंढ्या आणि लांबवर चर्चचा मनोरा.

पुढे वाट माहीत असलेला एक जण आणि सगळ्यात मागे एक जबाबदार माणूस. प्रत्येक वळणावर पुढचे थांबतात, शेवटचा दिसला की निघतात. चढावर दम लागलेल्याला कुणी हसत नाही. वय झालेले काही जण आता बॅटरीची सायकल घेतात. त्यामुळे पंच्याहत्तरीचा माणूस पन्नाशीच्या माणसांबरोबर राहू शकतो.

हिवाळ्यात मडगार्ड लावून यायचे हा अनेक क्लबांचा दंडक. मागच्या मडगार्डला खाली रबराची पट्टीही लावतात, म्हणजे चाकाचा चिखल मागून येणाऱ्याच्या तोंडावर उडत नाही. आपल्या चाकाचा त्रास मागच्याला होऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. रस्त्यावर बर्फाचा पातळ, न दिसणारा थर असेल, तर फेरी रद्द. त्यासाठी कुणी कुणाला भित्रा म्हणत नाही. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले तर काय होते, हे आम्ही वॉर्डात पाहिले आहे. त्यामुळे हा निर्णय आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो.

जेवण मध्येच का?

याला शरीरशास्त्राचे कारण आहे. सायकल चालवताना स्नायू त्यांच्यात आणि यकृतात साठवलेली साखर वापरतात. काही तास न खाता चालवत राहिले की साठा संपत येतो. पाय शिशासारखे जड होतात, हात थरथरतात, डोके चालेनासे होते. इंग्रज सायकलवाले याला ‘बाँक’ म्हणतात. त्यात अंगातला घाम गार पडलेला असला तर माणूस लवकर गारठतो. म्हणून मध्येच थांबणे, कोरडा कपडा अंगावर चढवणे आणि गरम खाणे ही चैन नसून गरज आहे.

पब म्हणजे गावची सार्वजनिक बैठकीची जागा. जुन्या पबमध्ये शेकोटी असते. हातमोजे सुकत टाकतात. गरम सूप आणि पाव, भाजलेला मोठा बटाटा, मांसाची किंवा भाजीची पाय असे जेवण येते. किती जण येणार हे पबला बरेचदा आधी कळवलेले असते. हिवाळ्यात गिऱ्हाईक कमी असते, त्यामुळे पबवाल्यालाही बरे वाटते.

पण त्या टेबलावर पोटापेक्षा मोठे काम होते. “मागच्या आठवड्यात तो आला नाही, कुणी फोन केला का?” “तिचे ऑपरेशन कधी आहे?” नवरा किंवा बायको गेलेली, मुले लांब राहणारी, नोकरीतून निवृत्त झालेली माणसे इथे आठवड्यातून एकदा मोजली जातात. एकटेपणाचा प्रश्न ब्रिटनमध्ये इतका मोठा आहे की २०१८ साली सरकारने त्या विषयासाठी मंत्री नेमला. तिथले डॉक्टर आता काही रुग्णांना गोळीबरोबर किंवा गोळीऐवजी चालण्याच्या, बागकामाच्या, सायकलच्या गटाकडेही पाठवतात.

दारूचे काय?

पब म्हटले की पाचवे शील पाळणाऱ्या घरांच्या कपाळाला आठी पडणारच. स्पष्ट बोलू. पबमध्ये बिअर विकली जाते आणि काही सायकलवाले जेवणाबरोबर ती घेतातही. पण चहा, कॉफी, लिंबू घातलेले सोड्याचे पाणी मागणारेही असतात आणि ते मागताना कुणाला ओशाळावे लागत नाही. ब्रिटनच्या १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार नशेत सायकल चालवणे हा गुन्हा आहे.

‘थंडीत दारूने ऊब येते’ हा समज तिथेही आहे आणि तो खोटा आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. अंग गरम वाटते, पण आतली उष्णता बाहेर निघून जाते आणि शरीर जास्त लवकर गार पडते. ऊब सुपाने येते, कोरड्या कपड्याने येते आणि शेजारी बसलेल्या माणसाने येते.

टेबलावर कोण बसणार?

हे टेबल सगळ्यांना सहज मिळालेले नाही. १८९८ च्या ऑक्टोबरमध्ये लेडी हार्बर्टन नावाची बाई सायकलवरून सरे परगण्यातल्या ओकहॅम गावी पोचली. तिने ‘हॉटबॉय’ हॉटेलात जेवण मागितले. अंगात स्कर्टऐवजी ढगळ विजार होती. लांब झगा चाकात अडकतो, म्हणून सायकलवर तोच पोशाख सोयीचा. मालकिणीने तिला जेवणाच्या खोलीत बसू दिले नाही. बसायचे तर बाजूच्या दारूच्या खोलीत पुरुषांमध्ये बसा, असे सांगितले. सायकलवाल्यांची मोठी संघटना, सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब, तिच्या बाजूने उभी राहिली. १८९९ साली खटला चालला. मालकीण निर्दोष सुटली, पण बायकांनी विजार घालून सायकल चालवणे थांबवले नाही. पैसे असूनही, उपाशी असूनही ‘इथे बसू नका’ ऐकणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्ट कामगारांची. १८९४ साली बर्मिंगहॅममध्ये काही तरुणांनी एक सायकल क्लब काढला आणि ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकाचे नाव त्याला दिले. सुट्टीच्या दिवशी सायकलवर पत्रके घेऊन खेड्यापाड्यांत जायचे, सभा घ्यायच्या, एकत्र खायचे. वाटेत भेटले की एकाने “बूट्स!” म्हणायचे, दुसऱ्याने “स्पर्स!” असे उत्तर द्यायचे. गिरणीतल्या धुळीतून आणि धुरातून सुटून मोकळी हवा घेणे हा श्रीमंतांचाच हक्क का, असा त्यांचा सवाल होता. लँकेशायरमध्ये नेल्सन या कापड गिरण्यांच्या गावाजवळ १९१२ साली बांधलेले क्लॅरियन हाऊस आजही रविवारी उघडते. पायी आणि सायकलवर येणाऱ्यांना तिथे मोठ्या मगात चहा मिळतो.

फायदा खरा आहे का?

ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे २ लाख ६० हजार लोकांची माहिती तपासून २०१७ साली निष्कर्ष मांडला. गाडी-बसने कामावर जाणाऱ्यांपेक्षा सायकलने जाणाऱ्यांमध्ये त्या काळातला मृत्यूचा धोका सुमारे ४१ टक्के कमी दिसला. सगळे श्रेय सायकलचेच, असे यावरून म्हणता येत नाही. ही रोजची सायकल होती, आठवड्याची एक फेरी नव्हे, हेही लक्षात ठेवू. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. एका फेरीत तेवढा वेळ भरतो, पण बाकीचे सहा दिवस बसून काढायचे नाहीत.

थंडीत बाहेर पडणाऱ्यांसाठी आमच्या चार सूचना:

• थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढते. पहिली १० मिनिटे सावकाश. छातीत दुखले, जबडा किंवा डावा हात भरून आला, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.
• शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. लांबच्या श्रमाआधी डोसबद्दल डॉक्टरांना विचारावे.
• दम्याच्या रुग्णांनी नाकातोंडावर मफलर बांधावा आणि पंप जवळ ठेवावा.
• एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ बरे. घाम आला की एक काढता येतो. जेवल्यावर अर्धा तास दमाने घ्यावे.

औषधाच्या चिठ्ठीखाली आम्ही वर्षानुवर्षे ‘रोज ३० मिनिटे व्यायाम’ असे लिहीत आलो. ते चूक नव्हते, पण अपुरे होते. आता आम्ही आणखी दोन गोष्टी विचारतो: कुणाबरोबर जाणार? आणि परत येताना चहाला कुठे बसणार? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे असतात, तो पुढच्या थंडीतही चालताना दिसतो.