लोकप्रतिनिधीची भूमिका कशी पारखावी?

निवडणूक आली की प्रत्येक उमेदवाराची प्रत्येक प्रश्नावर एक भूमिका असते. भाषेवर असते, जमिनीवर असते, पाण्यावर असते. निवडणूक सरली की त्यांपैकी किती भूमिका शिल्लक उरतात, हा हिशेब मात्र आपण क्वचितच मांडतो. लोकप्रतिनिधी जनतेची मते सभागृहात मांडतो, असे आपण नागरिकशास्त्राच्या पेपरात लिहून आलो आहोत. ते मत खरे की सभेपुरते, हे कशावरून ओळखावे? हा प्रश्न मी माझ्या डिचोलीच्या एका माजी आमदारांच्या आधारे सोडवू पाहतो. त्या म्हणजे गोव्याच्या माजी मुख्यमंत्री शशिकला काकोडकर. गोव्यात त्यांना सगळे ‘ताई’ म्हणत.

ताईंच्या आधी त्यांच्या वडिलांविषयी थोडे सांगणे भाग आहे. पेडण्यात जन्मलेले भाऊसाहेब बांदोडकर १९६३ साली गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची मुख्य भूमिका होती. विलीनीकरण हा शब्द आमच्या सीमाभागातील वाचकांना नवा नाही. गोव्यात ह्या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यापूर्वी भाऊसाहेबांच्या सरकारने राजीनामा दिला होता. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, तर विरोधात १,७२,१९१. पेडणे-डिचोलीचा कल विलीनीकरणाकडे होता, पण एकंदर गोव्याने नकार दिला. नवल पुढेच आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये निवडणूक झाली आणि तीसपैकी सोळा जागा मिळवून भाऊसाहेबांचाच पक्ष पुन्हा सत्तेवर आला! मतदाराने पक्षाची एक भूमिका नाकारली आणि कुळांच्या, बहुजनांच्या शिक्षणाच्या बाबतीतली दुसरी उचलून धरली. म्हणजे एखाद्या पुढाऱ्याच्या सगळ्या भूमिका एका गाठोड्यात बांधायच्या नसतात. एकेक सोडवून पाहायची असते, ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट कायद्याची. ऑगस्ट १९७३ मध्ये भाऊसाहेब निवर्तले आणि ताई मुख्यमंत्री झाल्या. १९७२ साली आणि पुन्हा १९७७ साली त्या डिचोली मतदारसंघातूनच निवडून आल्या होत्या. ‘कसेल त्याची जमीन’ हे त्या काळी देशभर भाषणातले वाक्य होते. गोव्यात १९६४ च्या कूळ कायद्याला १९७६ साली पाचवी दुरुस्ती झाली आणि २० एप्रिल १९७६ ह्या दिवसापासून जमीन कसणारे कूळ तिचे खरेदीदार मानले गेले. जमीनमालक न्यायालयात गेले, कायदा अडकला. अखेर १९८४ साली सत्तेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याला नवव्या परिशिष्टाचे संरक्षण मिळाले. तोवर ताईंचे सरकार जाऊन पाच वर्षे लोटली होती. स्वपक्षाचेच काही आमदार फुटल्याने ते एप्रिल १९७९ मध्ये कोसळले होते.

ह्याहून मला जवळचा आहे तो १९७५ चा मुंडकार कायदा. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहतो तो मुंडकार. आमचे आजोबा मुंडकार होते. छपराचे नळे बदलायचे तरी आधी भाटकाराच्या दारी जाऊन उभे राहावे लागे आणि ‘नको’ म्हटले की पाऊस घरात येई. मतदान वेगळ्या माणसाला केले, ह्या संशयावरून घर सोडायची धमकी त्यांनी ऐकली होती. ह्या कायद्याने मुंडकाराला हुसकावण्यास बंदी केली, घर दुरुस्त करण्याचा हक्क दिला आणि घराखालची जागा विकत घेण्याची सोय केली. पंचायत क्षेत्रात ती तीनशे चौरस मीटरपर्यंत मिळते. आजोबांनी ताईंचे एकही भाषण ऐकले नव्हते, पण त्यांची भूमिका त्यांना नीट कळली होती.

तिसरी गोष्ट भाषेची. १९९० साली ताई शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान हवे तर माध्यम मराठी-कोंकणीसारखी भारतीय भाषा असावी, असे धोरण ठरले. २०११ साली तेव्हाच्या सरकारने इंग्रजी माध्यमाला अनुदानाचे दार उघडले. पंचाहत्तरी उलटलेल्या ताई तेव्हा कोणत्याही पदावर नव्हत्या. तरी भारतीय भाषा सुरक्षा मंचातून त्या रस्त्यावर उतरल्या. धोरण बरोबर की चूक, ह्यावर आमच्या घरातही एकमत नाही. माझ्या काकांनी मुलीला इंग्रजी शाळेतच घातले आहे. परंतु जे मंत्री असताना म्हटले तेच खुर्ची नसताना म्हटले, हे काकाही मान्य करतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मध्यंतरी ताई काँग्रेसमध्ये गेल्या, नंतर स्वतःचा पक्ष काढला आणि पुन्हा मूळ पक्षात परतल्या. पक्षनिष्ठा ही कसोटी लावली तर त्या उत्तीर्ण होणार नाहीत. मुंडकार कायद्यातही एक उणीव राहिली. हक्क कायद्याने मिळाला, पण कागद मामलेदाराकडे अर्ज केल्यावर मिळतो. ज्याला अर्ज लिहिता आला नाही, त्याचे घर पूर्वीसारखेच दुसऱ्याच्या जमिनीत राहिले. पेडण्यात मोपा विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. अशा ठिकाणी जमिनीला भाव आला की पहिली विचारणा ह्या कागदाचीच होते.

म्हणून आजच्या आमदाराला काय विचारावे? मोपाच्या सभेत ‘मी भूमिपुत्रांच्या पाठीशी आहे’ असे ते म्हणाले, तर मुंडकारांचे अर्ज निकालात निघावेत म्हणून सभागृहात कोणती दुरुस्ती सुचविली, हे विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा डिचोलीत ट्रकवाल्यांपुढे एक बोलणे आणि शेतकऱ्यांपुढे दुसरे, असे झाले की नाही, ते तपासावे. आमच्या कन्नड विभागातील मित्रांनीही म्हादईच्या पाण्याविषयी आपल्या आमदारांना हेच माप लावावे. आम्ही गोव्याच्या बाजूने लावू. विधानसभेचे कामकाज छापलेले असते. दोन्हीकडची भाषणे आणि दोन्हीकडचे कामकाज शेजारी ठेवून वाचायला फार तर एक दुपार लागेल.